मदत हवी आहे: प्रोटोकॅडहेरिन (चेतापेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं) मुलांना सोपं करून कसं सांगू?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, जनुकं जेमतेम वीस हजार आणि मेंदूत चेतापेशी 86 अब्ज. मग कुणी कुणाला जोडायचं, हे लिहिलंय कुठं?" काय नेमका प्रश्न! चेतापेशीच्या वाढत्या तंतूच्या टोकाला नेट्रिन हे प्रथिन ओढतं, स्लिट हे प्रथिन ढकलतं, हे फळ्यावर काढून दाखवलं. ओट्यावरच्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या फळमाशीत डीस्कॅम या एकाच जनुकापासून 38,016 प्रकारची प्रथिनं बनू शकतात आणि त्यावरून पेशी स्वतःच्या फांद्या ओळखते, हे ऐकून पोरं थक्क झाली. सस्तन प्राण्यांत हे काम प्रोटोकॅडहेरिन करतात, तिथं मात्र मी अडखळले. कुणाकडे मराठीत आकृती किंवा दोरा-मण्यांचा वर्गात करण्याजोगा प्रयोग आहे का? सोमवारी पुन्हा तास आहे.