अनुभव धागा: उशा वाढल्या, पायावर वळ उमटले... हार्ट फेल्युअर तुमच्या घरी कसं कळलं?

मागच्या वर्षी आबांच्या फाइलवर डॉक्टरांनी 'हार्ट फेल्युअर' लिहिलं आणि आईनं पदर डोळ्याला लावला. आबा समोर कॉटवर बसून उपमा खात होते! आपल्याकडं 'हार्ट फेल झालं' म्हणजे माणूस गेला, एवढंच ठाऊक. डॉक्टरांनी समजावलं, हृदय बंद पडलेलं नाही, त्याची रक्त ढकलायची ताकद कमी झालीय. म्हणून पाणी मागं तुंबतं, फुप्फुसात आणि पायांत.

चुटपुट याची आहे की खुणा तीन महिने घरातच होत्या. एका उशीच्या तीन झाल्या. रात्री दोनला घुसमटून उठायचे, खिडकीपाशी बसायचे. रंकाळ्यावर अर्ध्यातच बाकावर टेकायचे. संध्याकाळी पायावर चपलेच्या पट्ट्यांचे वळ, बोट दाबलं की खळगा. आम्ही म्हणालो वय झालं, रस्सा बाधला, ॲसिडिटी असेल.

तुमच्याकडं आधी काय दिसलं, उपचारात काय चुकलं, काय जमलं, ते लिहा. गोळ्यांचे डोस लिहू नका, तो ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा विषय.

उद्यमनगर
मी स्वतःच पेशंट. वय ४८, फौंड्रीत काम. धाप आणि रात्रीचा खोकला. चार महिने दम्याचा पंप ओढला, भट्टीच्या धुरानं होतंय असं सगळ्यांचंच मत. दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आडवं झाल्यावर वाढतं का?" इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, ईएफ २५, म्हणजे एका ठोक्याला हृदय त्याच्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. मला वाटलं शंभरातले पंचवीस मार्क, नापास. तसं नसतंय. शंभर कुणाचंच नसतं, चांगल्या हृदयाचं ५५ ते ७० असतं. चार प्रकारच्या गोळ्या सुरू झाल्या, डोस हळूहळू वाढवत नेले, कारण बीपी उतरतं. पहिला महिना लई अशक्तपणा, उठलं की डोळ्यापुढं अंधारी. तेव्हाच सोडणार होतो, बायकोनं सोडू दिलं नाही. आठ महिन्यांनी ईएफ ४५. आता मित्र म्हणत्यात, बरा झालास की, कशाला गोळ्या खातोस?

कसबा बावडा (मी नर्स आहे)
दादा, मित्रांचं ऐकू नका. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात तुमच्याहूनही जास्त, म्हणजे ईएफ ५० च्या वर जाऊन हृदय सुधारलेल्या ५१ जणांवर अभ्यास झालाय. त्यातल्या २५ जणांची औषधं टप्प्याटप्प्यानं थांबवली, तर ११ जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला. आकडा गोळ्यांनी धरून ठेवलाय.

साने गुरुजी वसाहत
आमची चूक लघवीच्या गोळीची. पुण्यात पुतणीचं लग्न. एसटीत सारखं कुठं उतरायचं म्हणून वडलांनी जाताना गोळी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी हळद, तिसऱ्या दिवशी लग्न, पाहुण्यांच्या घरी एकच संडास, म्हणून तेव्हाही नाही. वर पंगतीत लोणचं, पापड, मठ्ठा. चौथ्या रात्री बसून श्वास घेत होते, ओठ निळसर. ॲडमिट केलं, ऑक्सिजन आणि शिरेतून इंजेक्शन, चार दिवसांत साडेपाच किलो पाणी गेलं. डॉक्टर म्हणाले, "गोळीची वेळ पुढं-मागं करता आली असती, आधी विचारायचं होतं." एवढं साधं! आता प्रवासाला निघायच्या आधी त्यांना फोन करतो.

राजारामपुरी
आमच्या आईचे गुडघे. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून दोन आठवडे खाल्ल्या, त्यांनी अंगात पाणी साठलं. हार्टच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं, कारण 'गुडघ्याचा हार्टशी काय संबंध?'

शिवाजी पेठ
मिठाबद्दल लिहिते, कारण कोल्हापुरात खरी लढाई तिथंच आहे. भाजीत मीठ कमी केलं, पण कांदा-लसूण चटणीत असतं ते कुणाच्या ध्यानातच नाही. मग चैत्रात वर्षाची चटणी डंकावर नेली तेव्हा सासऱ्यांची किलोभर बिनमिठाची वेगळी केली (फ्रिजमध्ये ठेवावी लागते, मिठाशिवाय टिकत नाही). पांढरा रस्सा महिन्यातून एकदा, अर्धी वाटी, त्यावरही रुसवे. मधे मी शहाणपणा करून 'लो सोडियम' मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, आणि मामंजींच्या दोन गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या! रक्तात ६.१ निघालं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून लगेच दवाखान्यात ठेवून घेतलं.

गडहिंग्लज
म्हाताऱ्यांचाच आजार असं समजू नका. माझी बहीण २६ वर्षांची, बाळंत होऊन तीन आठवडे. पाय सुजलेले, पायऱ्या चढताना दम, बाळाला घेऊन आडवं होता येईना. सगळ्या बायका म्हणायच्या बाळंतपणाची सूज आहे, ओसरेल. इको केल्यावर कळलं, बाळंतपणाच्या आसपास हृदयाचा स्नायू असा अचानक कमजोर होतो काहींचा. आता बरी आहे. पुढच्या बाळाचा विषय मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नाही, असं बजावलंय.

कळंबा
आईला मधुमेह नाही, तरी शुगरची गोळी लिहिलीय. केमिस्टची चूक का?

कसबा बावडा
ताई, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर चूक नाही. आधी शुगरसाठी आल्या, मग हार्ट फेल्युअरमध्येही उपयोग दिसला, शुगर असो वा नसो. तरी चिठ्ठी दाखवून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या.

धागाकर्ता
सगळ्यांचं वाचून आबांना ऐकवलं. आमचा नेम सांगतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन, आणि कॅलेंडरवर आकडा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. यंदा आबांनी चैत्र यात्रेला जोतिबावर जायचा हट्ट धरला. डॉक्टरांनी विचारलं, घरचा जिना न थांबता चढता का? चढतात. मग यात्रेच्या आदल्या दिवशीच गाडीनं वर नेलं, वाडी रत्नागिरीत आत्याकडं ठेवलं. तिच्या गच्चीवरून सासनकाठ्या बघितल्या, गुलालात माखले. आत्याच्या पोळ्या किती खाल्ल्या ते सांगत नाहीत, पण परतल्यावर सकाळी काटा ६१.४. जाताना ६१.२ होता.