थंडी सरताना तुम्हाला काय काय दिसतं? तुमचे अनुभव सांगा

पहाटे अजून पांघरूण लागतंय पण दुपारचं ऊन चटके द्यायला लागलंय, म्हणजे शिशिर संपत आला. वर्षातले हे दिवस मला सगळ्यात आवडतात कारण रोज काहीतरी बदलत असतं आणि आपण घाईत असलो की ते निसटून जातं. झाड, पक्षी, किडा, आकाश, काहीही चालेल, फक्त स्वतः बघितलेलं लिहा. सुरुवात मी करते.

माझं झाड काटेसावर. पानं गळून गेली की जानेवारीत नागड्या फांद्यांवर नुसत्या टपोऱ्या कळ्या दिसतात आणि मग एक दिवस पहिलं लाल फूल. सकाळी लवकर गेलात तर झाडावर बसायला जागा नसते इतके पक्षी, मैना, बुलबुल, कोतवाल, कावळे, शिवाय खारी. सगळे फुलात डोकं खुपसून मध पितात आणि डोक्याला पराग फासून पुढच्या फुलावर जातात. खाली पडलेलं एखादं फूल हातात घेऊन बघा, पाच जाड मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुपका, चांगलं वजनदार असतं, पडताना धप्प असा आवाजच येतो.

*

सावरीला माझंही एक मत, पण पळसाला विसरू नका हो! कळ्यांचं देठाकडचं ते मखमली काळपट आवरण आणि त्यातून बाहेर येणारी केशरी चोच, हे लांबून कळत नाही, जवळच जायला हवं. मला बरीच वर्षं प्रश्न होता की पानं नसताना हे झाड एवढी फुलं कशी काय परवडवतं. आपल्याकडच्या कोरड्या जंगलात पानगळ थंडीमुळे होत नाही, पाणी वाचवायला होते, पानातून पाणी उडून जातं म्हणून झाड पानंच टाकून देतं आणि खोडात साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर फुलतं. वर पानांचा आडोसा नसल्याने फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात, हाही फायदा. हे समजल्यापासून उन्हात उभा असलेला निष्पर्ण पळस बघितला की फार आदर वाटतो.

*

कोकिळ सुरू झाला. थंडीभर गप्प असतो. ओरडणारा तो काळा नर, मादी ठिपक्याठिपक्यांची तपकिरी असते आणि तिचा आवाज वेगळाच, किक-किक-किक असा भरभर. आणि तांबट! दुपारी टुक टुक टुक एका लयीत, न थकता. वाळक्या फांदीला गोल भोक दिसलं तर लक्ष ठेवा, तिथे त्याचं घर असू शकतं.

*

सगळे फुलांवर लिहितायत म्हणून मी पालवीवर लिहितो. पिंपळाची नवी पानं बघा, तांबूस गुलाबी, इतकी पातळ की उन्हात आरपार दिसतं. कुसुमाचं तर अख्खं झाड लालभडक होतं, लांबून फुलंच वाटतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य उशिरा भरतं आणि तोवर लाल रंगद्रव्य असतं, ते कोवळ्या पेशींना कडक उन्हापासून सांभाळतं असं मानतात. मग काही दिवसांत तांबूस, पोपटी, हिरवा असा प्रवास. एकच फांदी ठरवून रोज एकाच वेळी फोटो काढला तर हे फार सुंदर दिसतं, नक्की करून बघा. आणि हो, शिंजीर पक्ष्याच्या नराकडे पण बघा या दिवसात, थंडीतला पिवळट पिसारा जाऊन जांभळा-काळा येत असतो, मधल्या काळात दोन्ही रंगांचे ठिगळ लावल्यासारखा दिसतो.

*

मी बर्फाच्या प्रदेशात राहते, इकडचं पण चालेल ना? आमच्याकडे वसंताची पहिली खूण म्हणजे झाडाच्या बुंध्याभोवती बर्फात पडलेलं गोल रिंगण. गडद खोड ऊन शोषतं, तापतं आणि आजूबाजूचा बर्फ आधी वितळतो, तिथे ओली काळी माती दिसली की मला अक्षरशः रडू येतं. मग स्नोड्रॉपची फुलं, मग क्रोकसची, झाडांना पानं येऊन सावली पडायच्या आत उरकून घेतात सगळी. रेड विंग्ड ब्लॅकबर्ड या पक्ष्याचे नर माद्यांच्या आधी येऊन दलदलीतल्या वाळक्या गवतावर आपापली जागा धरून ओरडत बसतात, तेव्हा अजून तळ्यावर बर्फाचा थर असतो!!

*

आकाशवाले कोणी आहे का इथे? सगळ्यात मोठी रात्र २१-२२ डिसेंबरची, पण महाराष्ट्रात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, त्यामुळे सकाळचा अंधार संक्रमणानंतरही लगेच कमी होत नाही. गच्चीवरून सूर्य कुठल्या इमारतीमागून उगवतो ती खूण धरून ठेवा, दर आठवड्याला तो उत्तरेकडे सरकलेला दिसेल आणि मार्चमध्ये ही सरक सगळ्यात भरभर असते. २०-२१ मार्चला बरोब्बर पूर्वेला. रात्री मृग डोक्यावरून पश्चिमेला कलायला लागतो आणि पूर्वेला तांबूस स्वाती वर येते.

*

सगळ्यांना एक विनंती, तारीख लिहून ठेवा. पहिलं फूल, पहिली कुहू, एवढंच. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये अशा नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानात क्योतोला चेरी कधी बहरली याच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या मिळतात, त्यामुळेच तर २०२१ चा २६ मार्चचा बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सगळ्यात लवकरचा होता हे कळलं. आपल्या देशात सीझनवॉच हा उपक्रम आहे, आपल्या घराजवळचं एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला कळी, फूल, फळ, पालवी किती ते नोंदवायचं. ऋतू खरंच सरकतायत का, हे आठवणीवर सांगता येत नाही, त्याला अशा नोंदीच लागतात.

*

वरच्या विनंतीला मान देऊन लिहिते. माझ्या खिडकीसमोरच्या करंजाची जुनी पानं अजून पिवळी होऊन गळतायत, पालवीचा पत्ता नाही, शेजारच्या कडुनिंबाला मात्र तांबूस कोंब फुटलेत. वावळाला पोपटी चपट्या फळांचे घोस लागलेत, लांबून पानंच वाटतात. कुणाकडच्या करंजाला पालवी आली असेल तर गाव आणि तारीख सांगा.