मदत हवी आहे: गॅट्सबीचं स्वप्न नक्की कुठे नासलं?

एम.ए.च्या पेपरसाठी फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) ही कादंबरी वाचतेय आणि एका जागी अडलेय. गॅट्सबीची जुनी प्रेयसी डेझी, तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा, राखेच्या माळावरचे जाहिरातीतले डोळे, यांवर भरपूर लिहिलेलं सापडतं. मला छळतंय ते शेवटी गॅट्सबीच्या वडिलांनी आणलेलं जुनं पुस्तक. त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर १९०६ सालचं, गॅट्सबीचं पोरवयातलं वेळापत्रक आहे: सहाला उठणं, डंबेल्स, विजेचा अभ्यास, आठवड्याला ५ डॉलर खोडून ३ डॉलर बचत. इतका कष्टाळू मुलगा! मग पैसा चोरट्या दारूधंद्यातून का? लेखक अमेरिकन ड्रीमच (कष्टानं कुणीही वर येतो हा विश्वास) खोटं ठरवतोय, की डेझीपायी ते नासलं म्हणतोय? गॅरेजवाला विल्सन त्या जाहिरातीतल्या डोळ्यांना देव मानतो, तेही याच्याशी जोडता येईल का? कुणी शिकवलं असेल तर प्लीज प्रसंगांसकट सांगा.