घरच्या गायन-हार्मोनियम क्लासची फी कशी ठरवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच गाणं आणि हार्मोनियम शिकवते. गायनात विशारद आहे. शाळकरी मुलांच्या दोन बॅच आहेत, प्रत्येकी पाच-सहा जण, आठवड्यातून दोनदा एक तास, महिना ८०० रुपये. शिवाय काही जण एकेकटे येतात, आठवड्यातून दोनदा पाऊण तास, त्यांचे २,००० रुपये. हे दर कोरोनाच्या आधीचे. दरवर्षी जूनमध्ये वाढवायचं ठरवते आणि पालक समोर आले की चहा विचारते.

आता तीन प्रकरणं एकदम उभी राहिली आहेत.

एका मुलीच्या आईने या महिन्यात ४०० रुपयेच पाठवले. घटक चाचणीमुळे मुलगी अर्धे क्लास आली नव्हती. "आलीच नाही, तर त्याचे कसे द्यायचे?" असं त्या म्हणाल्या, तेही भांडून नाही, अगदी गोडीत. त्यामुळे मला उत्तरच सुचलं नाही. बॅच झाली होती, मी शिकवलं होतं. आणि ती परत आल्यावर बुडालेला भूप रागातला छोटा ख्याल तिला वेगळा बसवून दिला, तो कुणाच्या हिशेबात?

दुसरे, बँकेतून निवृत्त झालेले एक काका. मनापासून शिकायचंय त्यांना. "पोरांच्या मागे बसतो की," म्हणतात. पण मुलं काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी 'सा' धरून) गातात आणि काकांचा सा काळी एकच्या वर जात नाही. बॅचमध्ये मुळात मी सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावते आणि त्यात एखाद-दुसऱ्याची ओढाताण होतेच. तेव्हा काकांना स्वतंत्र वेळ लागणार. त्यांना मात्र येतील त्या दिवसाचेच पैसे द्यायचे आहेत आणि ते मधूनच मुलीकडे पुण्याला जाऊन दोन-तीन आठवडे राहतात.

तिसरं, मावसबहिणीच्या ओळखीतल्या न्यू जर्सीच्या दोन बहिणींना ऑनलाइन शिकवायचंय. "फी तुम्हीच सांगा," असा निरोप आहे. काय सांगू?

माझं अडतंय ते इथे की मोजायचं काय. पाऊण तासाचा क्लास पाऊण तासात संपत नाही. मुलांच्या पट्टीत बंदिश रेकॉर्ड करून पाठवायची, रात्री त्यांच्या रियाजाच्या व्हॉट्सअॅप क्लिपा ऐकून 'निषाद उतरतोय' (म्हणजे 'नी' जरा खाली लागतोय) वगैरे लिहायचं, गाण्याच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे, त्या परीक्षेआधी दोन-तीन वेळा तबल्याच्या साथीला माणूस बोलवायचा (त्याचे पैसे आजवर मीच देत आलेय). आसपास चौकशी करून झाली आहे. ५०० पासून ३,००० पर्यंत सगळे आकडे ऐकले, उजेड पडला नाही.

जे शिकवतात त्यांनी आणि जे मुलांना पाठवतात त्यांनीही सांगा.

— कोमल_निषाद

---

धिरकिट: डोंबिवलीत तबला शिकवतो. आधी तुमचेच आकडे मांडू. आठवड्याला दोन म्हणजे कागदावर वर्षाचे १०४ क्लास. गणपती, दिवाळी, सहामाही, वार्षिक, मे महिना, तुमचं आजारपण हे वजा केलं की ८० च्या आसपास उरतात. बॅचचा मुलगा वर्षाला ९,६०० देतो, म्हणजे क्लासला १२०. पाच मुलं धरली तर तासाला ६००. एकटा येणारा वर्षाला २४,००० देतो, म्हणजे पाऊण तासाला ३००, तासाला ४००.

कळलं का? जिथे तुम्ही त्याच्या पट्टीत गाता, एकट्याच्या गळ्यावर काम करता, रात्री क्लिपा ऐकता, तिथे तुम्हाला तासाला २०० रुपये कमी मिळतात. बॅचवाली मुलं एकट्यांची फी भरतायत. बॅचच्या बरोबरीला यायचं तरी पाऊण तासाचे ४५० होतात, महिना ३,००० रुपये. यात 'वाढ' अशी अजून काही धरलेलीच नाही.

बुडालेल्या क्लासचं म्हणाल तर मी फी क्लासची घेतच नाही, जागेची घेतो. मंगळवार-शुक्रवार सहा वाजताची ती जागा त्या मुलीच्या नावाने धरलेली आहे, दुसऱ्या कुणाला देता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच सांगायचं: वर्षाला ८० क्लास देईन, फी चार हप्त्यांत आगाऊ. त्या आईंच्या राहिलेल्या ४०० साठी आता ताणू नका. नियम आधी सांगितलेला नव्हता.

ठाण्याचा_बाबा: पालकांच्या बाजूने लिहितो. जागेचे पैसे हे पटतं, पण ते दोन्हीकडून हवं. माझ्या मुलाचे आधीचे सर डिसेंबर-जानेवारीत कार्यक्रमांमुळे निम्मे क्लास रद्द करायचे आणि फी पूर्ण घ्यायचे. विचारलं की "कलाकाराचं असंच असतं." धिरकिट म्हणतात तसा ८० चा आकडा लेखी असेल तर भांडणच नको. ८० भरले नाहीत तर तुम्ही भरून द्या.

आणि त्या क्लिपांबद्दल पालकांना सांगा हो! आम्हाला दिसतो तो फक्त दारातून आत गेलेला आणि तासाने बाहेर आलेला मुलगा.

जुना_रसिक: विद्येचा असा तासावर भाव लावणं मनाला लागतं. आमच्या वेळी गुरुजी पैशाचं नावही काढत नसत. यथाशक्ती गुरुदक्षिणा, बस.

धिरकिट: @जुना_रसिक, आदर ठेवून लिहितो. त्या काळी बहुतेक गुरुजींचं घर दरबार चालवायचा, उदाहरणार्थ गायक अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूरला शाहू महाराजांचा आश्रय होता. आणि शिष्य पैसे देत नसला तरी वर्षानुवर्षं गुरूघरी पाणी भरायचा, बाजार करायचा. फुकट काहीच नव्हतं, पावती नव्हती एवढंच. गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते राजाश्रयाशिवाय, लोकांच्या बळावर. त्यामुळे सामान्य घरातली मुलं गाणं शिकू शकली. पण त्यांचं मुंबईचं विद्यालय कर्जापायी लिलावात गेलं, हेही आपण विसरतो. कोमलताईंना इंदिरानगरातलं विजेचं बिल भरायचं आहे.

जुना_रसिक: मान्य. पण एखादी जागा ऐपत नसलेल्या मुलासाठी ठेवा, आणि ते बाकीच्यांना कळू देऊ नका.

एडिसनवासी: न्यू जर्सीचं मी सांगते. माझी लेक पुण्याच्या एका ताईंकडे ऑनलाइन शिकते. इथे पियानोच्या अर्ध्या तासाला आम्ही ४० डॉलर देतो, ताईंना पाऊण तासाचे २०. 'भारतात ८०० मध्ये शिकवते, मग डॉलरमध्ये जास्त कसे मागू' हा संकोच सोडा, कारण तुमची वेळ बघा. इथल्या मुली शनिवारी सकाळी दहाला बसणार, म्हणजे तुमचे संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरात आमचं घड्याळ मागे गेलं की साडेआठ. म्हणजे तुमची शनिवारची संध्याकाळ गेली, लग्नकार्य असो की मैफल.

तांत्रिक दोन गोष्टी. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करायला सांगा, नाहीतर ते तानपुऱ्याला गोंगाट समजून गिळून टाकतं. आणि आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे एकत्र गाता येत नाही. तुम्ही म्हणायचं, मग तिने म्हणायचं. तानपुरा तिच्या बाजूला तिच्या पट्टीत लावलेला हवा. याने शिकवण्याचा वेग कमी होतो, म्हणून दोघी बहिणींना एकाच वेळेत कोंबू नका, अर्धा-अर्धा तास वेगळा द्या. आठ-दहा क्लासचे पैसे आधी घ्या. इथल्या लोकांना त्याची सवय आहे, कुणी वाईट वाटून घेत नाही.

हिशेबनीस: जीएसटीची धास्ती असेल तर: कलेचं शिक्षण एखादी व्यक्ती स्वतः देत असेल तर त्याला करमाफी आहे. २०२२ पासून ही माफी व्यक्तीपुरतीच ठेवली आहे, संस्था काढलीत तर वेगळा विचार. आयकर विवरणात मात्र हे उत्पन्न दाखवा, डॉलरमधलंही.

कोमल_निषाद: सगळ्यांचे आभार. एकट्याची फी बॅचपेक्षा स्वस्त पडतेय हे खरंच कधी मांडून पाहिलं नव्हतं. नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, मी हेच सांगत होतो. (नव्हता सांगत.)

काकांचं काय करू ते मात्र कुणी सांगितलं नाही. आणि पालकांना पाठवायचा मजकूर लिहिलाय, बघा बरं:

"सप्रेम नमस्कार. वाढत्या महागाईमुळे नाइलाजाने जूनपासून फीमध्ये थोडा बदल करावा लागत आहे. बॅच १,००० रु., वैयक्तिक ३,००० रु. वर्षात ८० क्लास होतील. विद्यार्थी गैरहजर राहिल्यास शक्यतो फी कमी होणार नाही. परीक्षेच्या तबला साथीचा खर्च वेगळा. गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया समजून घ्यावे."

ठाण्याचा_बाबा: 'नाइलाजाने', 'थोडा', 'शक्यतो' आणि शेवटचं वाक्य काढा. 'शक्यतो' वाचला की मी पहिला फोन करीन. त्या जागी लिहा: "रोजच्या रियाजाच्या क्लिपा ऐकून दुरुस्ती सांगणे फीमध्ये धरले आहे." आणि आपल्याकडून ८० भरले नाहीत तर भरून देऊ, हेही.

धिरकिट: एकट्यांना २,००० वरून एकदम ३,००० जड जाईल. जुन्यांना जूनपासून २,५००, दिवाळीनंतर ३,०००. नवीन येणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ३,०००.

काकांना आठ क्लासचं कार्ड द्या, ४५० प्रमाणे ३,६०० आगाऊ, तीन महिन्यांत वापरायचं. आदल्या दिवशी कळवलं तर क्लास पुढे, नाहीतर तो झाला असं धरून कार्डावर खूण. आणि त्यांना संध्याकाळची वेळ देऊच नका. निवृत्त माणूस आहे, सकाळी अकराला येईल, तेव्हा तुमच्याकडे दुसरं कोण असतं?

कोमल_निषाद: अकराला पोळ्या असतात. दहाला बोलावते.