फणस घातलेले मटण: फणसाचा लगदा का होतो?

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

माझे बालपण गिरगावात गेले. आमच्या शेजारच्या काकू शिमग्याच्या सुमारास कुयरी, म्हणजे कोवळा फणस, घालून मटणाचे कालवण करीत. त्या चवीच्या आठवणीने गेल्या रविवारी मी येथे टोरांटोमध्ये तोच घाट घातला. कोवळा फणस ताजा मिळेना, म्हणून डबाबंद आणला, मटणाबरोबरच कांद्यावर परतला आणि दोन्ही एकत्र मंद आचेवर ठेवले. दोन तासांनी मटण शिजले खरे, पण तोपर्यंत फणसाचे धागे धागे होऊन रश्शाचे खिमट झाले होते. माझे नेमके काय चुकले, हे मुंबईतील कोणी जाणकार सांगतील का? मे महिन्यात मी तिकडे येणार आहे, तेव्हा ताजी कुयरी मिळेल का?

— पूर्वाश्रमीची गिरगावकर

ताई, नमस्कार.

आपले चुकले ते एवढेच की, दोघांना एकाच वेळी भांड्यात घातलेत. बोकडाचे मटण उघड्या पातेल्यात शिजायला दीड तास सहज घेते, जून असेल तर दोन. ताजी कुयरी अर्ध्या तासात होते, आणि डब्यातला फणस तर मुळात शिजवूनच भरलेला असतो. तो अगदी शेवटी, वीस मिनिटे राहिली असताना घालावा आणि त्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन हाताने पिळून घ्यावा, नाहीतर त्याचा खारटपणा रश्शात उतरतो. डबा घेताना तो मिठाच्या पाण्यातला आहे ना, हे पाहून घ्या; पाकातलाही मिळतो आणि तो या कामाचा नाही.

आमचे घर लालबागचे, वडील गिरणीत. गावची कुयरी गोणपाटात बांधून एसटीने परळला यायची आणि धुळवडीला मटण तर हवेच. पण खाणारी तोंडे नऊ आणि मटण अर्धा किलो. तेव्हा आईने दोघांची गाठ घालून दिली. चवीचा विचार नंतरचा, आधी पातेले भरण्याचा होता, असे मला आजही वाटते. मात्र कुयरी रस्सा असा पिऊन घेते की, ताटात पहिला हात तिच्यावरच पडे आणि मटणाचे तुकडे धाकट्यांसाठी उरत.

ताजी कुयरी चिरताना विळीला आणि दोन्ही हातांना खोबरेल तेल चोपडावे. चीक कापावर पांढरा फुटून येतो, तो रद्दी कागदाने पुसून काढावा. पाण्याने धुवायला गेलात तर तो आणखी चिकटतो. काटेरी साल आणि मधला कडक पाव, म्हणजे दांडा, काढून सुपारीएवढ्या नव्हे, चांगल्या लिंबाएवढ्या फोडी कराव्यात आणि काळ्या पडू नयेत म्हणून लगेच हळद-मिठाच्या पाण्यात सोडाव्यात. मग त्या वेगळ्या पाण्यात अर्ध्याकच्च्या उकडून ते पाणी ओतून द्यावे, म्हणजे उरलेला चीक आणि तुरटपणा दोन्ही जातात.

मटण सीना आणि नळीचे घ्यावे. निव्वळ मऊ मांसाच्या तुकड्यांना या कालवणात अर्थ नाही, कारण हाडाजवळच्या चिवट भागातले कोलॅजन मंद आचेवर सावकाश विरघळते तेव्हाच रश्शाला अंग येते. एक किलो मटणाला हळद, मीठ, आले-लसूण लावून कांद्यावर परतावे, तीन चमचे मालवणी मसाला घालावा आणि पातेल्यावर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी ओतावे. खालची वाफ त्या गार झाकणाला लागून परत थेंबाथेंबाने आत पडते. झाकणातले पाणी कढत झाले की तेच पातेल्यात घालावे आणि झाकण पुन्हा भरावे. आई घड्याळ बघत नसे. तिसऱ्यांदा झाकण भरले की मटण आले, हा तिचा हिशेब. त्यानंतर अर्धा किलो उकडलेल्या फोडी घालाव्यात आणि दहा मिनिटांनी भाजक्या कांदा-खोबऱ्याचे वाटण.

आमसुले मात्र कुयरी पूर्ण मऊ झाल्यावरच घालावीत. आंबट आधी पडले तर फोडी दडस राहतात, मग कितीही शिजवा.

मे महिन्यात कोवळी कुयरी मिळणे कठीण. दादरच्या बाजारात तोवर पिकलेल्या कापा-बरक्या फणसांचा घमघमाट सुटलेला असतो.

— आपला, लालबागचा एक जुना सभासद

सर्वांस नमस्कार.

काकांचे झाकण-पुराण गोड आहे, परंतु दहिसरहून रोज चर्चगेटला जाणाऱ्या बाईने दीड तास पातेल्यापाशी उभे राहावे कसे? मी सरळ कुकरमध्ये करते. आणि मे महिन्यात येणाऱ्या ताईंनी निराश होऊ नये; पिकलेल्या गऱ्यांतल्या आठळ्या मटणात कुयरीपेक्षा कितीतरी छान लागतात.

— दहिसरहून

दहिसरच्या ताईंस नमस्कार.

कुकर मटणापुरता अवश्य वापरावा, चार शिट्ट्या पुरेत. कुयरी घातल्यावर मात्र झाकणाची शिट्टी काढून ठेवावी. एकदा सून माहेरी असताना मी कुयरीसह तीन शिट्ट्या काढल्या होत्या आणि पाहुण्यांनी बटाटा कुस्करून घातला का, असे विचारले होते. आठळ्यांबद्दल आपले म्हणणे मान्य, छान लागतात. कुयरीपेक्षा छान हे मात्र मान्य नाही. त्या दोन दिवस सावलीत वाळवाव्यात, वरचे पांढरे टरफल सोलावे, बत्त्याने एकेक ठोका देऊन चिरडाव्यात आणि मटण अर्धे शिजले की घालाव्यात. आतली तांबूस साल तशीच राहू द्यावी.

— लालबाग