न्यू ऑर्लिन्स : दोन रात्री, आईबाबा आणि क्लॅरोनेट (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनला असतो. आईबाबा सध्या कोल्हापूरहून आलेत, दिवाळी झाली की त्यांना घेऊन शुक्रवार ते रविवार न्यू ऑर्लिन्सला जायचं चाललंय. गाडीनेच जाऊ, आय-टेन हायवेने साडेतीनशे मैल, म्हणजे चहापाणी धरून सात तास. जुने धागे चाळले पण त्यात बर्बन स्ट्रीट, कुठलं कॉकटेल आणि मार्डी ग्रासला (तिकडचा कार्निव्हल) काय धमाल केली एवढंच आहे. मी स्वतः दहा वर्षांपूर्वी मित्रांबरोबर गेलो होतो तेव्हा तेच केलं, खोटं कशाला बोलू, त्यामुळे शहर बघितलंय असं काही म्हणता येत नाही.

आता मुद्दा. बाबा नोकरी सांभाळून वीसेक वर्षं लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं, डोक्यावर तुरा. मला लहानपणी लाज वाटायची, वरातीत शाळेतलं कोणी दिसलं की मी जनरेटरच्या गाडीमागे जायचो. परवा त्यांना यूट्यूबवर तिकडच्या सेकंड लाइनचा व्हिडिओ दाखवला, पुढे ब्रास बँड आणि मागे छत्र्या-रुमाल नाचवत पब्लिक. बाबा जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "ही तर वरातच की रे, नवरदेव कुठाय?" मी म्हटलं तिथे मयतालाही बँड असतो, जाताना संथ वाजवतात आणि परतताना उडतं, तर म्हणे त्यात काय, आपल्याकडेपण म्हातारं माणूस गेलं की बँड लावायचे, मी वाजवलंय. नंतर बघतो तर व्हिडिओ थांबवून थांबवून क्लॅरोनेटवाल्याची बोटं बघत बसलेले आणि उजव्या हाताची बोटं मांडीवर चालू. तेव्हाच हॉटेल बघायला घेतलं.

तर हे विचारायचंय:
बाबांना वाजवणारी माणसं जवळून दिसली पाहिजेत, पण दोघंही पीत नाहीत, आईचे गुडघे दुखतात आणि साडेदहाला ती झोपते म्हणजे झोपतेच, तर असं काय आहे? तिघंही शाकाहारी, आईला अंडंपण नको, तिथे खाणार काय? आणि हॉटेल फ्रेंच क्वार्टरमध्येच, म्हणजे शहराच्या जुन्या भागातच, घेऊ का बाहेर? मागच्या वेळी एका हॉटेलने पार्किंगचे इतके लावले की खोली स्वस्त आणि गाडी महाग असं झालेलं.

---

अरे बर्बन स्ट्रीट विसर. दुपारी एक चक्कर मारून दाखव आणि बाहेर पड, रात्री तिथे नुसता गोंगाट आणि वास. बाबांना प्रिझर्वेशन हॉलला ने. 1961 पासूनची जॅझ ऐकायची जागा, खोली एवढीशी, आत दारू नाही जेवण नाही, लहान पोरांनापण सोडतात. पाऊण तासाचा खेळ, संध्याकाळी लवकरचा घेतलास तर आई वेळेवर झोपेल. तिकीट आधी ऑनलाइन काढ आणि बसायची जागा बघून काढ, नाहीतर मागे उभं राहावं लागतं, गुडघ्यांचं अवघड होईल. पुढच्या बाकावर बसलात तर माइकबिक काही लागत नाही, क्लॅरोनेटवाला श्वास घेतो तेपण ऐकू येतं. फोटो काढू देत नाहीत हे आधीच सांगून ठेव, माझ्या सासऱ्यांनी मोबाइल काढला आणि ओरडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जॅझ म्युझियम, जुन्या टांकसाळीच्या बिल्डिंगमध्ये आहे, जॅझमधला मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग, त्याचं पहिलं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) तिथे ठेवलंय. तिथून फ्रेंचमेन स्ट्रीट चालत पाच मिनिटं, छोटे छोटे क्लब, बँड दारातूनच ऐकू येतात. क्लबमध्ये सोडा मागवला तरी कोणी काही म्हणत नाही, फक्त बँडची बादली फिरते तेव्हा त्यात पैसे टाका.

---

हॉटेल कॅनाल स्ट्रीटच्या पलीकडे घ्या, क्वार्टर चालत गाठता येतो आणि रात्री शांत. गाडी हॉटेलला एकदा लावली की रविवारपर्यंत हलवू नका, आणि सीटवर पिशवीसुद्धा ठेवू नका, काचा फुटतात.

सेंट चार्ल्सची हिरवी ट्राम दाखवाच, 1835 पासून चालू असलेली लाइन आहे, डबे 1920 च्या दशकातले, लाकडी बाकं, एसी नाही, खिडकी उघडी ठेवून जुनी मोठी घरं बघत जायचं. सव्वा डॉलर तिकीट, दिवसाचा पास 3 डॉलर. पण काकूंना सांगा पायऱ्या उंच आहेत, हात धरून चढवा. कॅनालच्या लाल ट्रामला लिफ्ट असते.

सेकंड लाइन रविवारी दुपारी निघते, उन्हाळा सोडला तर जवळजवळ दर रविवारी, क्वार्टरमध्ये नाही, ट्रेमे वगैरे वस्त्यांमध्ये. डब्ल्यूडब्ल्यूओझेड रेडिओच्या साइटवर त्या आठवड्याचा रस्ता देतात. सगळी चालू नका, तीनचार तास असते. मधल्या एखाद्या थांब्यावर फोल्डिंग खुर्ची टाकून काकूंना बसवा, बँड समोरून जातो.

---

खाण्याचं मी सांगते कारण मी भोगलंय. गम्बो म्हणजे दाट सूप, बऱ्याचदा भेंडी घातलेलं, हा शब्दच मुळात आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलाय, पण त्यात सॉसेज नाहीतर कोळंबी असतेच. रेड बीन्स अँड राइस बघून मी खूश झाले, राजमा-भात! पहिल्याच घासाला डुकराचं हाड लागलं. त्यामुळे "मांस नाही ना" एवढं विचारून भागत नाही, शिजवताना काय घातलंय ते विचारा. थेपले, दशम्या न्या, लाजू नका.

कॅफे दु मोंदला बेन्ये (तळलेले पिठाचे चौकोन) खायला सगळे जातात, पिठीसाखरेचा डोंगर असतो वर, काळे कपडे घालू नका. काकूंसाठी पिठात अंडं आहे का ते आधी विचारून घ्या. कॉफीत चिकोरी असते, आपल्याकडच्या फिल्टर कॉफीसारखी, काकांना आवडेल. आणि स्नोबॉल मिळाला तर घ्याच, तो आपला बर्फाचा गोळाच, फक्त बर्फ अगदी भुसभुशीत. नोव्हेंबरात बरीचशी दुकानं बंद असतात पण.

---

सगळ्यांचे मनापासून आभार! शनिवारच्या संध्याकाळची तिकिटं काढली, पुढच्या बाकाची. आईने दशम्यांचं पीठ आत्ताच बाजूला काढून ठेवलंय, तिला मी अजून तारीखपण सांगितली नव्हती.

एक राहिलंच. बाबांनी क्लॅरोनेट बरोबर आणलंय असं काल कळलं, साड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून, मला दोन महिने पत्ता नाही. रोज मी ऑफिसला गेलो की वाजवतात म्हणे. आता विचारतायत की दोन नंबरची रीड (तोंडाशी लावायची पातळ पट्टी) कुठे मिळेल, एकच उरलीये आणि तिचीपण कड उडालीये. ह्यूस्टनमध्ये कोणाला माहिती आहे का?