साठेक सर्व्हर ब्राउझरमधूनच सांभाळायचे आहेत, वेब एसएसएच कन्सोल (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन, ब्राउझरमधून) कुणी वापरतंय का?

काळी_स्क्रीन:
मंडळी, सल्ला हवाय. आमच्याकडे ६० च्या आसपास लिनक्स सर्व्हर आहेत, काही डेटा सेंटरमध्ये, काही क्लाउडवर, आणि त्यांना हात लावणारे आम्ही ५ जण. आत्तापर्यंत प्रत्येकाची पब्लिक की (लॉगिनची डिजिटल किल्ली) प्रत्येक मशीनच्या ऑथोराइज्ड कीज फाईलमध्ये (कोणाला आत घ्यायचं त्याची यादी) हाताने टाकत आलोय. मागच्या महिन्यात एक जण सोडून गेला आणि त्याची की कुठे कुठे पडलीय ते शोधण्यात दोन दिवस गेले, तरी परवा एका जुन्या बॅकअप मशीनवर सापडलीच. शिवाय कोणी काय कमांड मारली याचा काही पत्ता नाही, कारण अर्धे लोक रूटनेच, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या एकाच खात्याने, लॉगिन करतात (माहितीये, शिव्या नका घालू). आता वरून सांगितलंय की एकच वेब कन्सोल लावा, सगळ्यांनी तिथूनच आत शिरायचं. बॅस्टिलियन आणि ग्वाकामोले ही दोन नावं सापडली. कुठलं घेऊ? आणि एकच कमांड सगळ्या सर्व्हरवर एकदम मारता येते म्हणतात, ते खरंय का?

रूट_नको_रे:
खरंय, आणि तेच सगळ्यात जास्त जपून वापरायचं. आम्ही बॅस्टिलियन वापरतो, आधी त्याचं नाव कीबॉक्स होतं, जुन्या पोस्टींमध्ये त्याच नावाने सापडेल. तुझा कीजचा त्रास नेमका त्यानेच जातो, कारण माणसाला प्रोफाईलमधून काढलं की त्याची की त्या त्या सर्व्हरवरून आपोआप जाते. पण की मॅनेजमेंट चालू असेल तर ते ऑथोराइज्ड कीज फाईल स्वतःच्या हिशोबाने नव्याने लिहितं, म्हणजे तू किंवा एखाद्या बॅकअप स्क्रिप्टने टाकलेली की गायब. आमच्याकडे रात्रीचा बॅकअप तीन दिवस गपचूप बंद होता, कुणाच्या लक्षातही आलं नाही. आधी सगळ्या फाईलींची कॉपी काढून ठेव, मग एकाच फालतू सर्व्हरवर करून बघ.

आता एकदम कमांड मारण्याबद्दल. मी १४ टर्मिनल उघडून सगळ्यांवर एकत्र टाईप करत होतो, मध्येच फोन आला, परत आलो तेव्हा डोक्यात की आपण एकाच टेस्ट मशीनवर आहोत, आणि रीबूट मारला. चौदाच्या चौदा गेले. चार मिनिटांत परत आले, पण ती चार मिनिटं मी श्वास घेतला नव्हता.

टॅब_बंद_झाली:
आमचं ग्वाकामोले. ते अपॅचीचं आहे, मागे ग्वाकडी नावाचा डेमन (मागे चालणारा प्रोग्राम) एसएसएच, आणि दूरचा स्क्रीन दाखवणारे आरडीपी, व्हीएनसी सगळं बोलतो आणि ब्राउझरला फक्त एचटीएमएल५ दिसतं. विंडोज मशीन पण असतील तर हेच घे. सेशन रेकॉर्डिंग पण होतं. पण कीज वाटायचं काम ते करत नाही, ते तुझं तुलाच बघावं लागेल.

आणि दोन गोष्टी ज्या कोणी सांगत नाही. एक, पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर) लावलास तर वेबसॉकेटसाठी (ब्राउझरशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) अपग्रेडचे हेडर पास करायचे आणि प्रॉक्सी रीड टाईमआउट वाढवायचा, तो मुळात ६० सेकंदच असतो, टर्मिनलवर काही हललं नाही की सेशन तुटतं आणि लोक सर्व्हरला दोष देतात. दोन, कंट्रोल डब्ल्यू. शेलमध्ये एक शब्द खोडायला बोटं आपोआप तिकडे जातात आणि ब्राउझर टॅबच बंद करतो 😭 माझं नाव बघ. तेव्हापासून आत शिरलो की पहिलं टीमक्स, टॅब गेली तरी त्यातलं काम चालू राहतं.

जुनी_खोडं:
मी जरा उलटं बोलतो. घराच्या सगळ्या किल्ल्या एका खुंटीला टांगताय, आणि ती खुंटी वेब अॅप्लिकेशन आहे. तो एक सर्व्हर फुटला की साठही गेले. तुझी दुखणी दोन आहेत, कीज आणि कोणी काय केलं याचा हिशोब, त्याला ब्राउझर लागतोच असं नाही. ओपनएसएसएचमध्ये सर्टिफिकेट ५.४ पासून आहेत, म्हणजे २०१० पासून. प्रत्येक सर्व्हरवर फक्त एका सीएची (सर्टिफिकेटवर सही करणाऱ्याची) पब्लिक की ठेवायची, आणि माणसाला सकाळी ८ तासांचं सर्टिफिकेट सही करून द्यायचं. माणूस गेला की संध्याकाळी सर्टिफिकेट आपोआप मेलं, शोधाशोध नाही. मध्ये एक जंप होस्ट (ज्यातूनच पुढच्या सर्व्हरवर जायचं असं मशीन) ठेव, प्रॉक्सीजंपचा पर्याय २०१६ च्या ७.३ पासून आहे. आणि साठ ठिकाणी एकच काम करायचं असेल तर अॅन्सिबल (अनेक सर्व्हरवर कामं करवणारं टूल) लिही, त्यात आधी चेक मोडमध्ये, काही न बदलता, बघता तरी येतं. ब्रॉडकास्ट टाईप करणं म्हणजे वर चौदाचा किस्सा वाचलासच.

रूट_नको_रे:
@जुनी_खोडं बरोबर आहे पण सीए सांभाळणारा माणूस पण लागतो ना, पाच जणांच्या टीममध्ये ती की कोणाच्या तरी लॅपटॉपवर डाऊनलोड्स फोल्डरमध्येच सापडते. कन्सोल घेतलंच तर इंटरनेटवर उघडं ठेवू नका, व्हीपीएनच्या मागे, वर ओटीपी.

जुनी_खोडं:
डाऊनलोड्सचं मान्य 😄

काळी_स्क्रीन:
सगळ्यांना धन्यवाद. विंडोज एकही नाही, त्यामुळे बॅस्टिलियन आधी तीन सर्व्हरवर करून बघतो, अॅन्सिबल तर शिकायचंच होतं. एक शंका, फायरवॉलमध्ये २२ पोर्ट (एसएसएचचा) फक्त कन्सोलच्या आयपीला उघडा ठेवला आणि कन्सोलच बसलं तर?

टॅब_बंद_झाली:
तर बाहेर बसायचं 🙂 म्हणून एक जास्तीची आपत्कालीन की, पासफ्रेजसकट, ऑफलाईन ठेव, आणि व्हीपीएनमधल्या दुसऱ्या एका आयपीलाही २२ उघडा ठेव. बॅस्टिलियन फाईल पुसतं हे लक्षात घेऊन ती की वेगळ्या युजरला दे, ज्याला ते हात लावत नाही. क्लाउडवाल्यांचं सीरियल कन्सोल (एसएसएच बंद असलं तरी मशीनमध्ये शिरायची सोय) चालतं का ते आजच बघ, गरज पडेल तेव्हा नाही. आणि कन्सोलच्या सर्व्हरला कन्सोलमधूनच अपडेट मारू नकोस. का विचारू नकोस.